परसातलं तळं निवळायचं तर

भिलाईत परसात तळं बांधलं की पहिल्या उन्हाळ्यात त्याचं पाणी हिरवं होणार, हे धरूनच चालावं. फेब्रुवारीत ऊन चढू लागतं, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, नौतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या ऐन उन्हाच्या दिवसांत तर दुपारी परसात पाऊल टाकवत नाही. एवढं ऊन, कोमट पाणी आणि त्यात माशांनी न खाल्लेले खाद्याचे दाणे, एवढ्यावर शेवाळाचं छान भागतं. माझं तळं हुडको वसाहतीतल्या घराच्या मागे आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, अडीच फूट खोल, म्हणजे साधारण सव्वाचार हजार लिटर पाणी. त्यात कुमुदिनी आहेत, गप्पी मासे आहेत, काठाला वेखंड आणि कर्दळ. पंप नाही, विजेची गाळणी नाही, औषध कधी पडलेलं नाही. तरी तळाशी पाच रुपयांचं नाणं पडलं तर काठावरून दिसतं. येणारेजाणारे विचारतात, आमच्याकडे असं का होत नाही? त्यांना तुकड्या-तुकड्यांनी सांगत आले, ते इथे एकत्र लिहिते.

१. पाणी हिरवं झालं म्हणजे त्यात खत जास्त झालं

शेवाळ कुणी आणून टाकावं लागत नाही. वाऱ्याने, पावसाने, बगळ्याच्या पायाला चिकटून ते कुठल्याही पाण्यात पोचतं. पोचलेलं शेवाळ फोफावतं कशाने, एवढंच आपल्या हातात असतं. त्याला ऊन लागतं, नायट्रोजन लागतो आणि फॉस्फरस लागतो. यातला फॉस्फरस महत्त्वाचा. १९७३ साली कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने एक सरोवर मध्ये पडदा लावून दोन भागांत तोडलं. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन सोडला, दुसऱ्यात त्या दोन्हींबरोबर फॉस्फरसही. पहिला भाग होता तसाच राहिला, दुसरा गर्द हिरवा झाला. विमानातून घेतलेला त्याचा फोटो जगभर गेला, आणि कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर बंधनं आणायला त्याचा मोठा आधार मिळाला.

आता हेच आपल्या तळ्याला लावून बघा. माशांच्या शंभर ग्रॅम खाद्यात साधारण ग्रॅमभर फॉस्फरस असतो. माझ्या तळ्यात तो एक ग्रॅम विरघळला तर लिटरमागे जवळजवळ पाव मिलिग्रॅम झाला. तळं हिरवं व्हायला लिटरमागे एक-दशांश मिलिग्रॅमसुद्धा पुष्कळ होतो. म्हणजे खाद्याचं एक छोटं पाकीट सगळं पाणी बिघडवायला पुरेसं आहे. त्याशिवाय कडुनिंबाची पानं गळून पडतात, कुंड्यांचं शेणखत पावसात वाहून येतं, देवाचं निर्माल्य कुणीतरी श्रद्धेने तळ्यात सोडतं. हे सगळं खतच. माझ्याकडे निर्माल्याला वेगळा खड्डा आहे, आणि तळ्याचा काठ जमिनीपेक्षा वीतभर उंच आहे, म्हणजे अंगणातलं पाणी आत शिरत नाही. नवीन बांधणार असाल तर ही वीतभर उंची आधी धरा.

२. काडी बुडवून बघावी

सगळं शेवाळ एक नसतं, आणि सगळ्याला एक उपाय नसतो. एक बारीकशी काडी घ्या, पाण्यात फिरवून वर काढा. काडीला हिरव्या तारा लोंबत आल्या तर ते तंतुमय शेवाळ. बोटांत धरल्यावर रेशमासारखं निसटलं तर बहुधा स्पायरोगायरा, खरखरीत लागलं तर दुसरं काही. ते काडीला गुंडाळत गुंडाळत हातानेच काढायचं असतं, सकाळी काढलं तर अख्खी लड एका ओढीत येते. काडी कोरी आली पण पाणी काचेच्या बरणीत धरल्यावर एकसारखं हिरवं दिसलं, तर ते एकपेशीय, पाण्यात विखुरलेलं शेवाळ. ते हाताने निघत नाही, गाळून निघत नाही, त्याला फक्त उपाशी ठेवता येतं.

आणि काडी रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी निळसर-हिरवी माखून आली, वारा जिकडे वाहतो त्या कोपऱ्यात साय जमली असेल, वास येत असेल, तर सावध व्हा. ते नील-हरित शेवाळ म्हणतात ते, म्हणजे खरं तर जिवाणू, आणि त्यातल्या काही जाती विष सोडतात. तिथे उघडा हात घालू नये, कुत्र्याला, गाईला ते पाणी पिऊ देऊ नये.

भिंतींवर जी मऊ हिरवी लव धरते तिला हात लावू नका. गोगलगायी, बारीक किडे तिच्यावरच जगतात, आणि तीही पाण्यातलं खत उचलत असते. भिंती घासून पांढऱ्याशुभ्र करणारे लोक मी पाहते तेव्हा मला फार वाईट वाटतं.

३. हिरवं झालं म्हणून पाणी बदलू नये

नव्या पाण्याबरोबर नवे क्षार येतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. वनस्पती लावल्यावर महिना-दीड महिना धीर धरावा. उन्हाळ्यात रोज जवळजवळ सेंटीमीटरभर पाणी उडून जातं, तेवढंच भरत राहावं. नळाचं पाणी ड्रममध्ये दिवसभर ठेवून मग ओतावं, म्हणजे क्लोरीन निघून जातो. पावसाळ्यात तळं भरून वाहू द्यावं, उन्हाळ्यात साठलेले क्षार त्याने आपोआप धुऊन निघतात.

सिमेंटच्या नव्या तळ्याचं मात्र वेगळं. त्यातून चुना उतरतो. भरा, आठवडाभर ठेवा, रिकामं करा, असं काही वेळा केल्यावरच वनस्पती आणि मासे सोडावेत.

४. आधी पाण्याखालच्या वनस्पती, मग फुलं

तळं म्हटलं की प्रत्येकजण कमळाचं रोप विचारतो. कमळ, कुमुदिनी मातीतून खातात, त्यांची मुळं कुंडीत असतात. पाण्यात विरघळलेलं खत थेट उचलतात त्या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती: हायड्रिला, वॅलिस्नेरिया आणि मासेविक्रेत्यांच्या दुकानात हॉर्नवर्ट म्हणून मिळते ती. या हॉर्नवर्टला तर मूळच नसतं. पानांनीच सगळं शोषून घेते, म्हणून नव्या तळ्यात तिच्यासारखा आधार नाही. दगड बांधून तळाशी सोडा किंवा तशीच तरंगू द्या. हायड्रिला अमेरिकेत गेली तर तिथले कालवे तुंबवून तिने उच्छाद मांडला, पण ती आपल्याकडची आहे, इथे तिला खाणारे जीव आहेत.

उथळ पाण्याचा एक स्वभाव असतो. ते एक तर वनस्पतींनी भरलेलं आणि नितळ राहतं, नाही तर वनस्पतींशिवाय आणि हिरवं. मार्टेन शेफर या डच शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात हे नीट मांडलं. दोन्ही अवस्था आपापल्या जागी टिकून राहतात. पाणी हिरवं असलं की ऊन खाली पोचत नाही, खालच्या वनस्पती मरतात, मग ते आणखी हिरवं होतं. वनस्पती दाट असल्या की त्या खत उचलतात, गाळ धरून ठेवतात, शेवाळ खाणाऱ्या बारीक पाणपिसवांना लपायला जागा देतात, आणि पाणी नितळच राहतं. म्हणून सुरुवातीला हात आखडता घेऊ नये. तळ्याचा निम्मा तळ झाकला जाईल इतक्या वनस्पती पहिल्याच दिवशी घाला. चार काड्या लावून त्या वाढायची वाट बघत बसलं तर तेवढ्या वेळात शेवाळ जागा घेतं.

वॅलिस्नेरियाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ती माझी लाडकी आहे. फितीसारखी लांब पानं, तळाशी धावत धावत नवी रोपं काढणारी. पावसाळा सरला की तिची मादी फुलं एका बारीक, वळणदार देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत चढतात. फूल इतकं लहान की शोधावं लागतं, त्याच्याभोवती पाणी किंचित खोलगट दबलेलं असतं. नरफुलं खालून सुटून बुडबुड्यासारखी वर येतात, वाऱ्याने तरंगत त्या खळग्यात घसरतात. फलन झालं की देठ वळे घेत आखडतो आणि फळाला पाण्याखाली ओढून नेतो. सकाळी अकराच्या उन्हात काठावर उकिडवं बसलं की हे सगळं डोळ्यांनी दिसतं, भिंग लागत नाही. याच वेळी हायड्रिलाच्या पानांवर ऑक्सिजनचे मोत्यासारखे बुडबुडे धरलेले असतात. ते दिसले की समजावं, तळ्याचं पोट ठीक आहे.

५. निम्म्याहून थोडी जास्त सावली, त्याहून जास्त नको

कुमुदिनीची पानं पाण्यावर पसरतात आणि ऊन अडवतात. पृष्ठभागाचा निम्मा ते दोन-तृतीयांश भाग झाकला गेला की पुरे. सगळं झाकलं तर खालच्या वनस्पती उपाशी मरतात, रात्री ऑक्सिजन कमी पडतो. लहान तळ्याला कमळ लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची पानं पाण्याच्या वर उठतात, कंद सगळीकडे धावतात, दोन पावसाळ्यांत तळं कमळाचंच होतं. कमळाला तरिया हवा, म्हणजे गावतळं.

कुमुदिनीच्या कुंडीत शेणखत, कोकोपीट, नर्सरीचं तयार मिश्रण काहीही घालू नका. आपल्याकडची काळी कन्हार माती घ्या, वरून दोन बोटं जाड वाळू आणि मग गोटे. माती वर उठत नाही, खत पाण्यात उतरत नाही. कन्हार मिळाली नाही तर मटासी मातीही चालते.

६. कापायचं आणि तळ्याबाहेर न्यायचं

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

वनस्पती पाण्यातलं खत उचलून स्वतःच्या अंगात साठवतात. पान पिकलं, कुजलं की तेच खत पुन्हा पाण्यात. म्हणजे वनस्पती नुसत्या लावून ठेवल्या तर खत तळ्यातच फिरत राहतं, कधी हिरव्या पानात, कधी हिरव्या पाण्यात. ते तळ्याबाहेर जातं फक्त एकाच वाटेने, आपल्या हातांनी. बादलीभर ओली हायड्रिला उपसली तर तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, फॉस्फरस जेमतेम ग्रॅम-दोन ग्रॅम. पण वर हिशेब केला तो आठवा. माझ्या तळ्याला एक ग्रॅमदेखील फार असतो. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला मी एक बादली उपसते आणि ती आंब्याच्या बुंध्याशी घालते. आंब्याला दुसरं खत लागत नाही. उपसताना वनस्पती काठावर तासभर पसरून ठेवाव्यात, अडकलेले किडे, गोगलगायी, माशांची पिल्लं परत पाण्यात जातात.

हे मला पुस्तकाआधी एका भाजीवालीने सांगितलं. आमच्या गल्लीत जवळच्या पाटण बाजूच्या गावातून एक दाई, म्हणजे इकडच्या बोलीत आईच्या वयाची बाई, भाजी घेऊन यायची, पावसाळ्यात तिच्या टोपलीत करमत्ता असायची, आपण नाळीची भाजी म्हणतो ती. तिच्याकडून मी मुळासकट चार काड्या मागून घेतल्या आणि काठाला लावल्या. त्या बघून ती म्हणाली, "काटत रहिबे दीदी, त नवा पाना आही। नइ काटबे त सर जाही।" कापत राहिलीस तर नवी पानं येतील, नाही कापलीस तर सडून जाईल. करमत्ता आठवड्याला कापावी इतकी वाढते, कारण ती पाण्यातलं खत आधाशासारखी उचलते. लसूण-मिरचीची फोडणी घालून आमच्या जेवणात येते. तळं साफ होतं आणि भाजी होते. फक्त सांडपाणी येत असलेल्या पाण्यातली करमत्ता खाऊ नये, ती नको तेही उचलते.

दाईचं बोलणं नंतर मला सगळीकडे दिसू लागलं. दुर्ग जिल्ह्यातल्या धमध्याची ओळखच 'छै आगर छै कोरी तरिया' अशी सांगतात. सहा कोड्या (कोडी म्हणजे वीस) आणि वर सहा, म्हणजे १२६ तळी. छत्तीसगढच्या अशा गावतळ्यांतून लोक काय काय काढून नेत! कमळाचे कंद, म्हणजे ढेंस, भाजीला. कमळाच्या बिया, पोखरा, मुलांना चघळायला. शिंगाडा बाजाराला. करमत्ता, चुनचुनिया पालेभाजीला. मासे, घोंघी. उन्हाळ्यात पाणी आटलं की तळाचा काळा गाळ बैलगाडीने शेतात. पाणी साफ करायचं म्हणून हे कुणी करत नसे, घरात खायला हवं म्हणून करत. पण दर वर्षी तळ्यातलं जास्तीचं खत त्याच वाटेने शेतात आणि ताटात जात होतं. तळ्यातून खाणं थांबलं, गाळ काढणं थांबलं, आणि वरून साबण, निर्माल्य, मूर्तींचा रंग पडत राहिला, तेव्हा तीच तळी हिरवी झाली.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, मामा तलावांच्या मुलखातलं. माजी मालगुजारी तलाव म्हणजे मामा तलाव. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले. तिकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकरांनी धीवर समाजाबरोबर हे तलाव पुन्हा जिवंत करण्याचं काम केलं. कुठल्या तलावात कोणती पाणवनस्पती पूर्वी होती, कोणत्या माशाला कोणती लागते, हे सगळं धीवरांना तोंडपाठ होतं, ते राजनकरांनी लिहून घेतलं. मग काठची बेशरम उपटून काढली, तळ नांगरला आणि पावसाच्या तोंडावर हायड्रिला, वॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट, कुमुदिनीसारख्या तरंगत्या वेली लावल्या. गोंदिया जिल्ह्यात निमगावच्या शालू कोल्हे आणि त्यांच्याबरोबरच्या धीवर बायकांनी कंबरभर पाण्यात उतरून हेच केलं. देशी मासे परतले, पक्षी परतले. परसातल्या तळ्याला जे लागतं तेच शंभर एकरांच्या तलावाला लागतं, हे मला त्यांच्यामुळे पटलं. योग्य वनस्पती लागतात, आणि त्यांची कापणी करणारे, त्या तलावावर पोट असणारे लोक लागतात.

७. काठाला गाळणी लावावी, गोट्यांची

तळ्याच्या एका बाजूला दोन फूट रुंद उथळ पट्टा करून त्यात गोटे भरा आणि कर्दळ, वेखंड, नागरमोथा, अळू लावा. तळ्यात सोडायचं पाणी या पट्ट्यातून जाऊनच आत पडलं पाहिजे. गोट्यांवर जिवाणू वस्ती करतात, घाण फोडतात, मुळं ती उचलतात. नागपूरच्या 'नीरी' संस्थेचं फायटोरिड तंत्र याच तत्त्वावर सांडपाणी शुद्ध करतं. तिथेही कर्दळ, पाणकणीस अशाच ओळखीच्या वनस्पती कामाला असतात, वीज जवळजवळ लागत नाही. घरच्या तळ्यात पाणकणीस मात्र नको, त्याची मुळं प्लास्टिकचा कागदसुद्धा भोकसतात. कापायचा नियम इथेही तोच: कर्दळ वर्षातून दोनदा बुंध्यापासून छाटायची.

८. मासे कमी ठेवावेत

मासा शेवाळ खाईल म्हणून लोक मासे वाढवतात. मासा जे खातो त्यातलं बरंचसं पाण्यातच टाकतो. शिवाय बारीक मासे पाणपिसवा खाऊन संपवतात, आणि एकपेशीय शेवाळ खाणारं तळ्यात दुसरं फारसं कुणी नसतं. कॉमन कार्प तळ उकरून गाळ वर आणतो. ग्रास कार्प तर आपण लावलेली हायड्रिलाच फस्त करतो आणि शेवाळ शिल्लक ठेवतो. थोडे गप्पी पुरेत. ते तळ्यातलंच खाऊन जगतात, विकतच्या खाद्याची गरज पडत नाही. पाहुण्यांची मुलं आली की ती ब्रेडचे तुकडे टाकतात, त्यांच्या हातात मी त्याऐवजी काडी देते, शेवाळाच्या तारा गुंडाळायला. त्यांनाही ते जास्त आवडतं.

९. मोरचूद नको

दुकानदार हटकून मोरचूद देईल. दोन दिवसांत पाणी साफही दिसेल. पण मेलेलं शेवाळ जातं कुठे? तळाशी. तिथे कुजताना ते ऑक्सिजन ओढतं. तळ्यातला ऑक्सिजन एरवीही पहाटे सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर सगळे श्वास घेतात आणि ऊन नसल्याने कुणी ऑक्सिजन बनवत नाही. त्यात ही भर पडली की सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताना दिसतात. शिवाय मोरचुदातलं तांबं माशांना आणि गोगलगायींना विषारी, ते गाळात बसून राहतं. आणि शेवाळाच्या अंगातला फॉस्फरस पुन्हा पाण्यात मोकळा, पुढच्या शेवाळासाठी तयार. दुकानातल्या काळ्या-निळ्या रंगाच्या बाटल्यांबद्दल विचाराल तर त्या ऊन अडवतात हे खरं, पण त्या खालच्या वनस्पतींचंही ऊन अडवतात.

१०. डासांची काळजी आधी करावी

२०१८ च्या पावसाळ्यात भिलाई-दुर्गमध्ये डेंग्यूची मोठी साथ आली होती. माणसं दगावली. तेव्हापासून परसातल्या तळ्याकडे शेजारी संशयाने बघतात, आणि त्यांचं चुकत नाही. एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. गप्पी असलेल्या तळ्यात त्याच्या अळ्या टिकत नाहीत, पण माशांना पृष्ठभागापर्यंत पोचता आलं पाहिजे. म्हणून तंतुमय शेवाळाची चादर डासांसाठी सोयीची असते, तिच्यात मासे शिरत नाहीत. धोका तळ्यापेक्षा भोवतालच्या वस्तूंत जास्त: कुंडीखालची थाळी, उपसलेल्या वनस्पतींची विसरलेली बादली, नळाचं पाणी भरून ठेवलेला ड्रम. ड्रमला कापड बांधावं. मी शेजारच्या बायकांना तळ्याशी बोलावून अळ्या शोधायला सांगते. सापडत नाहीत, मग त्याच बायका आपल्या मुलांना मासे दाखवायला घेऊन येतात.

११. जलपर्णी फुकट मिळाली तरी घेऊ नये

तिचं जांभळं फूल देखणं, खतही भरपूर उचलते, म्हणून कुणीतरी आणून देतंच. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती उन्हाळ्यात दोन आठवड्यांच्या आत दुप्पट होते. आपल्या तळ्यातून काढून एक झुबका नाल्यात टाकला की पुढच्या पावसाळ्यात तो कुठल्या गावच्या तळ्यात असेल सांगता येत नाही. साल्व्हिनिया या तरंगत्या तणाचंही तेच. बैतूल जिल्ह्यातल्या सारणीच्या सातपुडा जलाशयावर तिने असा कब्जा केला होता की जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाला तिच्यावर जगणारा परदेशी भुंगा तिथे सोडावा लागला. तरंगणारं काही हवंच असेल तर अझोला ठेवा, कोंबड्या-गाईंना खायला घालता येतो. पण तो हवेतला नायट्रोजन धरतो, म्हणून मेल्यावर तळ्याला खत देतो. दर दोन-तीन दिवसांनी चाळणीने काढायची तयारी असेल तरच. आणि पाण्यातली कुठलीही वनस्पती, देशी असो की परकी, कधीही तरियात, कालव्यात, नाल्यात टाकू नये. उन्हात वाळवून खतात.

१२. फेब्रुवारी सांभाळला की वर्ष सांभाळलं

हिवाळ्यात कुमुदिनी पानं टाकते. दिवाळीनंतर पिवळं पडलेलं प्रत्येक पान देठासकट पाण्याखाली हात घालून कापावं, नुसतं वरचं पातं नव्हे. देठ कुजतो तो जास्त. डिसेंबर-जानेवारीत तळं शांत असतं. अवघड काळ फेब्रुवारीचा. ऊन एकदम चढतं, कुमुदिनीला नवी पानं आलेली नसतात, हायड्रिला नुकती अंग धरत असते, आणि तंतुमय शेवाळ तेवढ्यात तळ्यावर ताबा घेतं. त्या तीन-चार आठवड्यांपुरती मी तळ्यावर नर्सरीची हिरवी जाळी बांधते, पश्चिमेकडून, म्हणजे दुपारचं ऊन अडतं आणि सकाळचं मिळतं. कुमुदिनीची पाच-सहा पानं पाण्यावर आली की जाळी काढायची. कडुनिंबाची पानगळ मार्चमध्ये, तेव्हा तीच जाळी झाडाखालच्या बाजूला लावते.

कुंड्या उचलून कुमुदिनीचे कंद वेगळे करायचे ते पहिला पाऊस पडल्यावर. त्याच दिवसांत हायड्रिला आणि वॅलिस्नेरिया सर्वांत जोमात असतात, आणि माझ्याकडे वाटायला भरपूर असतात. भिलाई-दुर्गमध्ये ज्यांना नवीन तळं सुरू करायचं आहे त्यांनी आषाढात झाकणाची बादली घेऊन यावं. नेलेली रोपं आठवडाभर वेगळ्या टबात ठेवून, दोनदा स्वच्छ पाण्यात खळबळून मगच तळ्यात सोडावीत, म्हणजे माझ्याकडच्या शेवाळाच्या तारा किंवा तरंगत्या डकवीडचं तिळाएवढं पान तुमच्याकडे जाणार नाही. करमत्ताच्या काड्या हव्या असतील तर तेव्हाच सांगा, त्याही कापून ठेवते.